लाँच आली नव्हती

माझे वडील खाडीवरचा पूल उघडायचे. शाळेत कुणी विचारलं की मी हे मान ताठ करून सांगायची आणि समोरच्या मुलीचा चेहरा बघत राहायची. दुबईच्या मधून खाडी जाते, एका काठाला देरा आणि दुसऱ्या काठाला बर दुबई. तिच्यावर तेव्हा फार पूल नव्हते, आणि होते त्यातल्या एकाचा मधला भाग पेटीच्या दोन झाकणांसारखा वर उचलला जायचा. दुरुस्तीला आलेल्या मोठ्या लाँची, उंच डोलकाठ्यांची लाकडी गलबतं त्या फटीतून आत जद्दाफच्या गोदीकडे जायची. ती झाकणं उचलण्याची बटणं ज्या काचेच्या केबिनमध्ये होती, तिथे निळ्या गणवेशात माझे वडील बसलेले असायचे. त्या पुलाचं नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांनी तो पाहिलाय त्यांना कळेलच, आणि पुलाचा तर यात काहीच दोष नव्हता.

बाबा मूळचे मुंबईच्या गोदीतले. तिथेही असे उचलायचे पूल होते, त्यांच्या यंत्रांवर बाबांची उमेदीची वर्षं गेली. मग पुलाची देखभाल करणाऱ्या एका कंत्राटदार कंपनीला अशी माणसं हवी होती म्हणून ते दुबईला आले, आणि काही काळानं आई आणि मी. नाईफच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. खिडकीतला एसी एवढा घरघरायचा की तो बंद झाला की आम्ही दचकून एकमेकांकडे बघायचो. त्याचं ठिबकणारं पाणी आई बादलीत धरायची आणि दुधाच्या पावडरच्या डब्यात लावलेल्या तुळशीला घालायची. पहाटे आजूबाजूच्या मशिदींतून अजान सुरू व्हायची, एक संपता संपता दुसरी, आणि तिच्यातच बाबांच्या सायकलच्या साखळीची करकर मिसळलेली असायची. एरवी पूल पहाटे उघडायचा. शुक्रवारी सुट्टीमुळे रस्ते ओस असत, म्हणून त्या दिवशी सकाळी उजेडात उघडायचा.

जेवणात मासे असायचेच. हमूर महाग वाटायचा, म्हणून शेरी. कधी पगार झाल्यावर सुरमई, गावाहून आलेल्या आमसुलाचं तिखलं करून. आई मासळीवाल्याला भाव विचारायची, "किती? सहा दिरहॅम? म्हणजे आपले किती झाले गं?" आणि मी तिथल्या तिथे गुणाकार करून सांगितला की हात मागे घ्यायची. माझ्या डब्यात खुबूस, म्हणजे तिथली भट्टीतली रोटी असायची, तिला आतून लसूण-खोबऱ्याची चटणी फासलेली, गुंडाळी करून. आता अबुधाबीत माझ्या मुलीच्या फ्रिजमध्ये काय काय असतं, पण मी अधूनमधून खुबूसला चटणी फासते. नातू बघतो आणि म्हणतो, "आजी, दॅट्स सो वीअर्ड." मी म्हणते, खाऊन तर बघ. तो बघत नाही.

आई लग्नाआधी खेडच्या दवाखान्यात नर्स होती. बाळंतपणं तिनं पुष्कळ केली होती, काही कंदिलाच्या उजेडात. लग्नानंतर ते सुटलं आणि दुबईत तर तिला कुणी विचारलंही नाही. कधी बिल्डिंगमधल्या कुणाला इंजेक्शन टोचायचं असलं तर बोलावणं यायचं. त्या दिवशी ती साडी बदलायची, वेणी घट्ट घालायची आणि परत आल्यावर जरा वेळ गुणगुणत असायची. बाबांना हे विशेष आवडायचं नाही. "लोक काय म्हणतील, बायकोला कामाला लावलंय," असं ते म्हणायचे. लोक काय म्हणतील ही काळजी बाबांना फार होती, आणि लोक म्हणजे आमच्या महाराष्ट्र मंडळातले लोक.

महिन्यातून एकदा मंडळाची बैठक कुणाच्या तरी घरी असायची. बहुतेक घरं पलीकडच्या काठावरची, ऐसपैस, सोफ्यांवर प्लॅस्टिकची कव्हरं घातलेली. बँकेतले, विमा कंपनीतले, तेलाच्या ऑफिसांतले लोक. अध्यक्ष कारखानीसकाका एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. माणूस वाईट नव्हता. सगळ्यांशी हसून बोलायचे, पण बाबांशी बोलताना त्यांचं हसू अर्ध्या क्षणानं आधी सुरू व्हायचं. "या या पेडणेकर! काय म्हणतोय तुमचा पूल? वर आहे की खाली?" सगळे हसायचे. बाबाही हसायचे आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसायचे. मी मुलींच्या घोळक्यातून ते बघायची आणि मला वाटायचं, यांनी एकदा येऊन बघावं. ते झाकण उचलताना एकदा बघावं, मग कळेल.

बाबांनाही तेच वाटत असणार. कारण एका बैठकीत, कुणीही न विचारता, ते उभे राहिले आणि म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी सगळ्यांनी पुलाशी यायचं. नाश्ता आमच्याकडे. मोठी लाँच जाणार आहे गोदीत, पूल उघडताना मुलांना बघायला मिळेल." कारखानीसकाकू म्हणाल्या, "अगंबाई, छानच की, पिकनिक!" बाबा बसले तेव्हा त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

त्या शुक्रवारी आई पहाटेपासून पुऱ्या तळत होती. बटाट्याची भाजी, शिरा, कैरीचं लोणचं, एका थर्मासमध्ये चहा, दुसऱ्यात गरम पाणी. देऱ्याच्या बाजूला पुलाच्या पायथ्याशी थोडी हिरवळ होती, तिच्यावर आम्ही चादरी अंथरल्या. एकेक गाडी येऊन थांबू लागली. हिवाळ्याचे दिवस होते, ऊन कोवळं होतं, पाण्यावर सीगल उडत होते. मंडळी खूश होती. बाबा कडक इस्त्रीच्या गणवेशात खाली येऊन सगळ्यांना नमस्कार करून गेले. त्यांच्याबरोबर पुलावरचा रखवालदार यूसुफ होता. हा मकरानकडचा बलोची, दांडगा, मेंदी लावलेल्या दाढीचा. गाड्या अडवायचे दांडे खाली-वर करणं त्याच्याकडे होतं. त्यानं पुऱ्या हातावर घेतल्या आणि उभ्यानंच खाल्ल्या.

लाँच मात्र येईना. पुऱ्या संपल्या, शिरा संपला, मुलं कंटाळून पाण्यात खडे मारू लागली. बाबा एकदा वरून डोकावून खाडीच्या तोंडाकडे बघून गेले, मग परत. यूसुफनं खाली येऊन सांगितलं की लाँचचं इंजिन बिघडलंय, आज येईल की नाही सांगता येत नाही, इन्शाल्ला उद्या. बाबा खाली आले. कारखानीसकाका चादरीवर लोडाशिवाय बसून अवघडले होते. ते म्हणाले, "काय पेडणेकर, पूल उघडतो ना नक्की? का आम्ही पुऱ्या खाऊनच घरी जायचं?" मग दुसरं कुणीतरी म्हणालं, "अहो, चावी घरी राहिली असेल." मोठा हशा झाला. काकूसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या.

बाबा हसले नाहीत. म्हणाले, "बघाच."

आई डबे आवरत होती. ती हातातला डबा तसाच ठेवून उठली आणि त्यांच्यामागे चार पावलं गेली. "अहो, लाँच आली नाही ना?"

"टेस्टिंगसाठी उचलावा लागतो कधीकधी."

"आज आहे का टेस्टिंग?"

"तू डबे आवर," बाबा म्हणाले.

भोंगा वाजला. यूसुफनं दांडे पाडले. सुट्टीचा दिवस असला तरी तोवर ऊन वर आलं होतं आणि गाड्या बऱ्याच झाल्या होत्या. त्या दोन्ही बाजूंना थांबत गेल्या. मग एक खोल, दात खाल्ल्यासारखा आवाज झाला आणि रस्ता मधोमध दुभंगला. तो उचलला जात होता. त्याच्यावरचे पांढरे पट्टे, जे नेहमी गाड्यांच्या चाकांखाली असतात, ते भिंतीवर काढल्यासारखे सरळ आभाळाकडे निघाले. मुलं ओरडली, मंडळींनी टाळ्या वाजवल्या, कारखानीसकाका उठून उभे राहिले आणि म्हणाले, "वा, वा!" केबिनच्या काचेतून बाबांनी हात हलवला. खाली पाणी रिकामं होतं. एक होडकंसुद्धा नव्हतं. पण ते मी पाहिलं नाही. माझं लक्ष मुलींच्या चेहऱ्यांवर होतं.

खाली येताना पूल अर्ध्यात थांबला. एक झटका बसला, मग काहीच नाही. आधी वाटलं, असंच असेल. मग केबिनमध्ये बाबांची सावली इकडून तिकडे जाऊ लागली. यूसुफ धावत जिना चढला. गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली, आणि बघता बघता वरचा अख्खा रस्ता बोंबलू लागला. मंडळी एकमेकांकडे बघू लागली. कुणीतरी हळूच म्हणालं, "पण बोट कुठाय?" कारखानीसकाकांनी घड्याळ पाहिलं आणि चपला शोधल्या. चादरींवरून माणसं उठत गेली.

तेवढ्यात वरच्या कठड्यावरून एक माणूस ओरडला. आधी हिंदीत, "कोई लेडीज़ है क्या? कोई डॉक्टर?" मग आमच्या साड्या बघून, रडवेल्या आवाजात, मराठीत, "आवो, कुनी बाई या ना वर! माजी बायको..."

आईनं एकदा वर बघितलं. डबे तिथेच टाकले. "गरम पाण्याचा थर्मास घे. चादर घे, स्वच्छ बघून," ती मला म्हणाली, आणि निघालीसुद्धा. आईला धावताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

गाड्यांच्या रांगांमध्ये एक जुनी पांढरी गाडी अडकलेली होती. पुढे गाड्या, मागे गाड्या, बाजूला कठडा. मागच्या सीटवर एक तरुण बाई आडवी झालेली, गुडघे वर, ओठ दातांत धरलेले. तिचा नवरा दाऊद, हर्णैकडचा कोकणी मुसलमान, देऱ्यात गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला. मित्राची गाडी मागून आणली होती. "हास्पिटल समोर दिसतंय ओ," तो एकसारखा म्हणत होता. खरंच दिसत होतं. उभ्या राहिलेल्या रस्त्याच्या एका अंगानं, पाण्यापलीकडे, हॉस्पिटलची इमारत आणि तिच्या खिडक्याही.

"तुझं नाव काय गं?" आईनं विचारलं.

"जुबेदा. आये गो, मी मरतंय."

"मरत नाहीस. माझ्याकडे बघ. मी सांगेन तेव्हाच जोर कर."

मी दार धरून चादरीचा आडोसा करून उभी होते. त्या वयात मुलीनं जे बघू नये असं तेव्हा समजत, ते सगळं मी पाहिलं. पण मला आठवतो तो आईचा आवाज. घरात ती कधीच अशी बोलायची नाही, ठाम आणि शांत. हॉर्न वाजत होते, पुलातून लोखंडावर लोखंड आपटल्याचे आवाज येत होते, आणि ती म्हणत होती, "अस्सं. थांब. आता." मग तिचा आवाज बदलला. "खांदा अडकलाय," ती स्वतःशीच म्हणाली. तिला आणखी दोन हात हवे होते, टेबल हवं होतं, जागा हवी होती. गाडीच्या सीटवर गुडघा टेकून, डोकं छताला घासत, तिनं काय केलं ते मला सांगता येणार नाही. मूल बाहेर आलं ते निळसर होतं आणि गप्प होतं. आईनं त्याला उलटं धरलं, तोंड साफ केलं, पाठीवर चोळलं, फुंकर घातली. मग एक बारीक, नाराज आवाज आला. दाऊद कठड्याला टेकून खाली बसला.

मुलगी होती. डावा हात अंगाशी लोंबत होता. आईनं तो दोन बोटांनी उचलला आणि सोडला. तो पडला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि चादरीत मूल गुंडाळलं.

पूल शेवटी हातानं खाली आणला. बाबा आणि यूसुफ आणि वाटेत अडकलेले काही लोक मोठं चाक फिरवून फिरवून तो इंच इंच उतरवत होते. दांडे वर झाले तेव्हा यूसुफनं सगळ्यांना बाजूला करून आधी दाऊदची गाडी काढली. बाबा कडेला उभे होते, गणवेश ग्रीसनं माखलेला, तळहात सोलवटलेले. गाडी त्यांच्यासमोरून गेली. मागच्या काचेतून त्यांनी आईला पाहिलं, रक्तानं भरलेली साडी, मांडीवर गुंडाळी. आईनं समोर बघितलं. मी पुढच्या सीटवर होते. मी बाबांकडे बघू शकले असते. मीही समोरच बघितलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा गोरा सुपरवायझर आला. त्यानं यूसुफला विचारलं, पूल कशाला उचलला होता? यूसुफ म्हणाला, लाँच आली होती साहेब, पूल अडकलेला बघून माघारी गेली. बाबा शेजारी उभे होते. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. यंत्रातला एक भाग झिजलेला सापडला, तो बदलला, आणि हातानं पूल उतरवल्याबद्दल साहेबानं बाबांची पाठ थोपटली. हे सगळं बाबांनीच घरी सांगितलं, जेवताना, मान खाली घालून. मग म्हणाले, "आता मी खरं बोललो तर यूसुफची नोकरी जाते." आईनं त्यांच्या ताटात आमटी वाढली.

पण मंडळातल्या प्रत्येकाला खरं ठाऊक होतं. सगळ्यांनी रिकामं पाणी पाहिलं होतं. कुणी तक्रार केली नाही, चहाडी केली नाही. सगळ्यांनी आम्हाला सांभाळून घेतलं, आणि ते सोसणं फार कठीण होतं. पुढच्या बैठकीत आईचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, आणि बाबांना तिच्या शेजारी बसवलेलं. कारखानीसकाका भाषणात म्हणाले, "वहिनींच्या हातचा हा गुण आम्हाला कधी कळलाच नसता. त्यासाठी पेडणेकरांना पूल अडवावा लागला!" हशा पिकला. खोडसाळपणा नव्हता त्यात, गंमत होती. बाबा शाल मांडीवर घेऊन हसत राहिले. मी सतरंजीच्या कडेचे दोरे उपसत होते. माझ्या शेजारच्या मुलीनं हळूच विचारलं, "युअर डॅड डिड इट फॉर अस, नो?" मी म्हटलं, "आय डोन्ट नो." त्या रात्रीपासून मी शाळेत बाबांच्या पुलाबद्दल बोलायचं सोडलं.

चाळीस दिवस उलटल्यावर दाऊद आणि जुबेदा मुलीला घेऊन आमच्याकडे आले. हातात नारळाच्या रसातल्या सांदणांचा मोठा डबा. मुलीचं नाव रेहाना ठेवलं होतं. जुबेदा आईच्या गळ्यात पडली, मग दोघी बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेल्या. हाताला मार बसलाय, शीर ताणली गेलीय, रोज हात हलवत राहा, सुधारेल कदाचित, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दाऊद बाहेर खुर्चीवर बसला. बाबा नुकतेच ड्यूटीवरून येऊन हातपाय धूत होते. मी त्याला पाणी दिलं.

"बाई नसत्या तर दोगीपन गेल्या असत्या," तो मला म्हणाला. "तुमच्या आईला अल्ला शंभर वर्सं देवो. पन मना सांगा, त्या दिवशी पूल कशाला उचललान? मी कठड्यावरना वाकून बगला ना. लाँच नव्हती. पानी मोकला होता. कोना येड्यानं उचललान, अल्लालाच ठावूक."

मी तांब्या हातात धरून उभी राहिले. आतल्या खोलीतलं बोलणं थांबलं. आईनं ऐकलं होतं. बाबा मोरीच्या दारात आले, गंजिफ्रॉकवर, कोपरांवरून पाणी निथळत असलेले.

"मी," ते म्हणाले.

"काय ओ भाऊ?"

"पूल मी उचलला. मी तिथलाच ऑपरेटर आहे. लाँच आली नव्हती. खाली आमचे पाहुणे बसले होते, त्यांना दाखवायला उचलला."

दाऊदच्या चेहऱ्यावर आधी पुसट हसू होतं, चेष्टा चाललीय असं वाटून. ते हळूहळू गेलं. तो उठला नाही, ओरडला नाही. आतून आई बाळाला घेऊन दारात आली होती. त्यानं तिला विचारलं, "बाई, तुमाला ठावूक होता?"

"होतं," आई म्हणाली.

"गाडीत? तवापन?"

"हो."

तो उठला. "जुबेदा, चल," म्हणाला. जुबेदानं आईच्या हातातून मूल घेतलं. ती कुणाकडेच बघत नव्हती. जिन्यावरून त्यांची पावलं उतरत गेली आणि मग एसीची घरघर तेवढी उरली. सांदणांचा डबा टेबलावर होता. बाबा गंजिफ्रॉकवरच पलंगावर बसून राहिले. कुणी त्या डब्याला हात लावला नाही. पण अन्न टाकायचं आईच्या रक्तात नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा ती ओट्याशी उभी राहून, भिंतीकडे तोंड करून, एकटी एकेक सांदण खात होती.

त्या वयात मला वाटायचं, खरं बोललं की मन हलकं होतं. आमच्या घरात तसं काही झालं नाही. बाबांनी साहेबाला सांगून केबिनमधलं काम सोडलं आणि खालच्या यंत्रघरात तेल-ग्रीसच्या कामावर गेले. मंडळात जाणं थांबलं. दाऊदनं कुठे तक्रार केली असती तर बाबांना बरं वाटलं असतं, असं मला आता वाटतं. त्यानं केली नाही.

एका संध्याकाळी आईनं वेणी घट्ट घातली, खोबरेल तेलाची बाटली पिशवीत टाकली आणि म्हणाली, "मी रेहानाकडे जाऊन येते." बाबा म्हणाले, "त्यांनी हाकललं तर?" "तर परत येईन." तिला घर माहीत होतं, मासळी बाजाराच्या मागच्या गल्लीत. बाबा सोबत निघाले, आणि का कोण जाणे, मीही. गल्लीच्या तोंडाशी खुबूसची एक भट्टी होती. तिथे बाबा थांबले. आई एकटी पुढे गेली. दार जुबेदानं उघडलं. "एकट्याच आलात?" तिनं विचारलं म्हणे. "एकटीच," आई म्हणाली. मग तिनं आईला आत घेतलं.

तेव्हापासून हे नेमानं सुरू झालं. आई त्यांच्या खोलीत बाळाचा हात चोळायची, हळूहळू वर न्यायची, खाली आणायची, गाणं म्हणायची. आम्ही दोघं भट्टीपाशी उभे. भट्टीवाला इराणी गरम खुबूस काढून फळीवर टाकायचा, त्याचा वास सुटायचा, आणि बाबा त्या बिल्डिंगच्या खिडकीकडे पाठ करून उभे राहायचे. मी कधी विचारलं, "बाबा, जाऊया का घरी?" तर म्हणायचे, "आई येऊ दे." एकदा मंडळातल्या कुणाची तरी गाडी शेजारी थांबली. काच खाली करून ते म्हणाले, "काय पेडणेकर, इकडे कुठे?" बाबा म्हणाले, "काही नाही, उभा आहे." गाडी गेल्यावर त्यांनी रुमालानं मान पुसली. मला त्यांची लाज वाटत होती आणि त्या लाजेचीही लाज वाटत होती, आणि हे कुणाला सांगावं असं माझ्याजवळ कुणी नव्हतं.

रेहाना आता शारजाला शाळेत शिकवते. तिचा डावा हात खांद्यापर्यंत जातो, त्यावर जात नाही. आमचं फोनवर बोलणं होतं, ईदला, दिवाळीला. आई गेली तेव्हा ती आली होती. मला पुष्कळदा वाटतं तिला विचारावं, तुला घरी काय सांगितलंय? मी विचारत नाही.

त्या वर्षीचा उन्हाळा लागला होता. भट्टीजवळ उभं राहणं कठीण झालं होतं. एका शुक्रवारी संध्याकाळी दाऊदच खाली आला. बाबांसमोर उभा राहून म्हणाला, "भाऊ, वर या. लोक इचारतात, ह्यो मानूस कोन उबा असतो म्हनून." बाबा म्हणाले, "नको, इथे बरा आहे." "या वो," तो म्हणाला, थोड्या चिडक्या आवाजात, आणि वळून चालायला लागला. आम्ही मागे गेलो.

एकच खोली, पडदा लावून दोन केलेली. आई जमिनीवर पाय पसरून बसलेली, मांडीवर तेलानं चमकणारी रेहाना. बाबा दाराशीच बसले. दाऊद खाली बघत बोलू लागला. "भाऊ, एक सांगतंय. त्या दिवशी तिला फजरच्या नमाजापासना कळा होत्या. ती सांगत होती, चल. मी बोललो, दोस्ताची गाडी मिळू दे, टॅक्सीला कशाला जायचा. गाडी यायला येळ झाला. तवाच निगालो असतो, तर पूल लागलाच नसता. म्हंजे अर्दा माजा, अर्दा तुमचा. अल्लासमोर मी असाच बोलनार."

तो बाबांना वाट काढून देत होता. मला वाटलं, घ्या. बाबा, घ्या ना.

बाबांनी मान वर केली. मग म्हणाले, "असं वाटून घेऊ नका, दाऊद. तुमचं तुम्ही बघा. पूल मी उचलला, तो सगळा माझा."

पडद्यामागे स्टोव्हचा आवाज चालू होता. तो बंद झाला. जुबेदा बाहेर आली नाही, तिथूनच बोलली, नवऱ्याशी बोलल्यासारखी, पण आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "तुमी दोगे काय वाटून घ्यायचा ता घ्या. मना कोनी इचारला नाय. माजा राग हाय तसाच हाय. पन चाय केलाय, ता पिऊन जा म्हनावं."

दाऊदनं पडद्यामागून कप आणले. बाबांनी आपला कप दोन्ही हातांत धरला आणि शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. रेहाना आईच्या मांडीवर झोपून गेली होती.

घरी येताना आम्ही तिघं फुटपाथवरून चालत होतो. बऱ्याच वेळानं बाबा म्हणाले, "चहात साखर नव्हती."

आई म्हणाली, "माझ्या होती."

माझाही गोडच होता.

पुढच्या वेळी आईनं तेलाची बाटली पिशवीत टाकली, तेव्हा बाबा आधीच चपला घालून दारात उभे होते.